परीक्षेची रत्नामावशी

मेडिकलला साडेपाच वर्षं काढली की डोक्यात ज्ञान किती मुरतं हे देव जाणे, पण किस्से मात्र भरपूर साठतात. प्रत्येक घरात दाराच्या मागे एक पिशवी लटकवलेली असते बघा, जिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या असतात. आमच्या ग्रुपचं डोकं तसं झालंय. एक ओढायला जावं तर मागून तीन बाहेर येतात.

ग्रुप म्हणजे आम्ही तिघं. मी मिरजगावची, वडिलांचं हायवेला खताचं दुकान. सॅम्युएल कॉलेजच्या गावचा, म्हणजे नगरचाच, चर्चमध्ये भजनांना तबला वाजवणारा. आणि ओंकार, जो प्रत्येक बॅचमध्ये एक असतोच तसा टॉपर. तिघांनाही हृदयाच्या विषयाचं वेड लावलं ते आमच्या जयंत सरांनी. इंटर्नशिपमध्ये ड्यूट्या वेगवेगळ्या लागल्या तरी कॉलेजसमोरच्या टपरीवर भेटलो की पहिला अर्धा तास हेच किस्से. फक्त हल्ली असं होतं, की कुठलाही किस्सा काढला तरी तो फिरून फिरून रत्नामावशीपाशी येतो. आणि तिथं आला की आमच्यापैकी कुणीतरी कप ठेवतं आणि म्हणतं, "चला, राउंडला उशीर होतोय."

* * *

सुरुवात हलक्याफुलक्या गोष्टीनं करू.

जयंत सरांचं म्हणणं असं, की हृदय हा ऐकायचा विषय आहे, वाचायचा नाही. पुस्तकात 'रंबलिंग मरमर' असं छापलेलं असतं, ते वाचून कुणाला काय कळणार? म्हणून सर वर्गात तोंडानं आवाज काढून दाखवायचे आणि बोटांनी टेबल वाजवायचे. निरोगी हृदय म्हणजे साधं 'लब-डब, लब-डब'. डावीकडची झडप आखडली की मात्र 'लप्प-डब-ट-घुर्रर्र, लप्प-डब-ट-घुर्रर्र'. एवढा मोठा माणूस, चष्मा नाकावर घसरलेला, आणि तोंडानं घुर्रर्र करतोय. आधी हसू यायचं, मग परीक्षा जवळ आली की सगळं होस्टेल घुर्रर्र करायला लागायचं.

सॅम्युएलनं तो ताल मेसमध्ये स्टीलच्या ताटावर बसवला. दहा-बारा जण जेवता जेवता एका लयीत ताटं वाजवायला लागले, तशी मेसच्या काकू आतून आल्या. "भाजी आवडली न्हाई तर तोंडानं सांगा की. ताटं कशाला बडवता?"

मी एकदा फोनवर वडिलांना तो आवाज काढून दाखवला. म्हटलं, ओळखा काय आहे. त्यांनी दोनदा ऐकला. "आपली जुनी बोअरची मोटर अशीच वाजायची," म्हणाले. "मेकॅनिकला बोलाव लवकर. असा आवाज यायला लागला की फार दिवस चालत न्हाई."

* * *

दुसऱ्या वर्षाला पहिल्यांदा वॉर्डात गेलो तेव्हाची गोष्ट. कॉटवर एक चाळिशीची बाई बसली होती. ठसठशीत कुंकू, हिरव्या बांगड्या, गालांवर लाली. सर म्हणाले, "या रत्नामावशी. यांचा आवाज आपल्या जिल्ह्यात नंबर एकचा आहे. एकेकानं ऐका आणि सांगा काय ऐकू येतंय."

सरांनी स्वतःचा स्टेथोस्कोप दिला. पहिला ओंकार. त्यानं डोळे मिटले, मान डोलावली, म्हणाला, "येस सर, क्लिअर रंबल." मग मी. मला स्वतःच्या कानातली धडधड सोडून काही म्हणता काही ऐकू आलं नाही. पण टॉपरला ऐकू आलं आणि आपल्याला नाही, असं कोण सांगणार! मीही म्हटलं, येस सर. माझ्यामागच्या सातही जणांना ऐकू आलं. एकीला तर तो काखेकडे जातानाही ऐकू आला.

शेवटी सॅम्युएल. त्यानं बराच वेळ ऐकलं, कान चोळले, परत ऐकलं. "सर, मला नाही काही ऐकू येत." आम्हाला त्याची दया आली.

सरांनी स्टेथोस्कोप हातात घेतला. त्याला दोन तोंडं असतात, एक उघडं असलं की दुसरं बंद. "मी बंद तोंडच छातीला लावायला दिलं होतं," सर म्हणाले. "दहाजणांत एक डॉक्टर निघाला. बाकीचे पुढारी व्हा."

रत्नामावशी तोंडाला पदर लावून इतकी हसली, इतकी हसली, की तिला खोकला आला आणि मग धाप लागली. धाप लागल्यावर सर लगेच तिच्याजवळ गेले. आम्ही मात्र अजून हसतच होतो.

* * *

परीक्षेचा पेशंट हा काय प्रकार असतो ते सांगायला हवं. मेडिसिनच्या प्रॅक्टिकलला विद्यार्थ्याला एक खरा पेशंट देतात. तपासायचं, निदान करायचं आणि परीक्षकांपुढं बोलायचं. त्यासाठी कॉलेजला असे पेशंट लागतात, ज्यांचा आजार अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा असतो. त्यांचे फोन नंबर डिपार्टमेंटकडे असतात. परीक्षा आली की फोन जातात. गाडीभाडं मिळतं, जेवण मिळतं, औषधं मिळतात, आणि दिवसभर पोरं येऊन छातीला गार स्टेथोस्कोप लावतात.

रत्नामावशी सुप्याजवळच्या एका खेड्यातली. एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनला पोळ्या लाटायची, नवरा तिथंच वॉचमन. लहानपणी आधी घसा दुखला, मग सांधे सुजून ताप आला; तो ताप गेला पण जाताना झडप बिघडवून गेला. लाटणं हातात घेतलं की दम लागायला लागला तेव्हा ती पहिल्यांदा आमच्या दवाखान्यात आली. तेव्हा आम्ही बारावीत होतो. त्या वर्षी परीक्षेला तिला ठेवलं, आणि मग ती दरवर्षी येऊ लागली.

परीक्षेच्या दिवशी तिचा थाट बघण्यासारखा असायचा. इस्त्रीची साडी, केसात गजरा. येताना फडक्यात बांधलेल्या पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी, कारण "पोरं भ्याल्यापाई सकाळपासनं काय खात न्हाईत." तिचा आवाज डाव्या कुशीवर झोपवल्यावर नीट ऐकू येतो. घाबरलेला पोरगा ते विसरला की ती आपणहून कुशीवर वळायची आणि श्वास सोडून गप पडून राहायची. परीक्षकांना वाटायचं पोरानंच सांगितलं.

तिच्यावर इलाज होता का? होता की. मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालतात, तिच्या टोकाला फुगा असतो, तो झडपेत फुगवला की आखडलेली झडप मोकळी होते. छाती कापायची गरज नाही, आणि सरकारी योजनेत पुण्याला मोफत होतं. हे सरांनी तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ती तयारही होती. पण परीक्षा पंधरा दिवसांवर होती. सर म्हणाले, "परीक्षा झाली की लगेच पाठवू."

परीक्षा झाली. ती संध्याकाळच्या एसटीनं घरी गेली. सर पेपर तपासायला लागले. पुढच्या वर्षी परत फोन गेला.

मी तिला एकदा विचारलं, "मावशी, तुम्ही पुण्याला कधी जाणार?"

"जायचं की," ती म्हणाली. "पन फुगा घातला की आवाज जातो म्हनं. आवाज गेल्यावर परीक्षेला मला कोन बोलवंल?"

आम्ही हसलो. तिला हसवायची हौस होती आणि आम्हाला हसायची.

* * *

तिसऱ्या वर्षी वॉर्डाची पोस्टिंग संपताना छोटी परीक्षा होती. सॅम्युएलला नेमकी रत्नामावशी मिळाली. तो आनंदानं उड्याच मारत आत गेला. मावशीनंही त्याला बघून डोळे मिचकावले.

परीक्षक येण्याआधी ती त्याला हळूच म्हणाली, "पायाला सूज न्हाई म्हनून सांग. ते विचारतात."

सॅम्युएलनं तिच्यावर विश्वास ठेवला. पाय बघितलेच नाहीत. जयंत सर आले, त्यानं धडाधडा सगळं सांगितलं आणि शेवटी, "सर, पायाला सूज नाही." सरांनी साडीचा काठ घोट्यापासून जरा वर केला आणि अंगठा दाबला. खड्डा पडला. पिठाच्या गोळ्यात बोट रुतावं तसा, आणि तो भरून यायचं नाव घेईना.

सॅम्युएलचे मार्क गेले. बाहेर आल्यावर तो तिच्यावर जरा चिडलाच. "मावशी, तुम्ही मला खोटं का सांगितलं?"

ती ओशाळली. "खोटं न्हाई रं बाळा. मी पहिल्या साली आले तवा एका पोरानं तसंच सांगितलं हुतं, तर त्याला लई शाबासकी भेटली. मला वाटलं तेच बरोबर उत्तर हाय."

सूज कधीपासून आहे असं विचारलं तर म्हणाली, दिवाळीपासून. मग कुणाला सांगितलं का नाही? तर म्हणाली, "आता कुटं सांगायचं, परीक्षेला येनारच हुते की."

सरांनी पाणी कमी व्हायची गोळी सुरू केली. पुण्याला पाठवायची चिठ्ठीही लिहिली. वरच्या बॅचच्या फायनलची प्रिलिम तोंडावर होती. चिठ्ठीवर तारीख टाकायची राहिली ती राहिलीच.

* * *

त्याच वर्षी आम्हाला रिसर्चचं भूत चढलं. झडपेच्या पेशंटना दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन घ्यावं लागतं, म्हणजे तो जुना ताप परत येत नाही. बरेच जण मध्येच सोडून देतात. ते का सोडतात, याचा अभ्यास करायचा ठरलं. सर गाइड, आम्ही तिघं घरोघरी जाणार.

आम्हाला रीतसर ट्रेनिंग मिळालं होतं. आधी दार वाजवा, ओळख सांगा, संमती घ्या, मग प्रश्न विचारा. ओंकार म्हणजे नियमाचा पक्का. पहिलं घर निघालं शनिशिंगणापूरला. ओंकार उंबऱ्यापाशी गेला, वाजवायला हात वर केला आणि तसाच राहिला. वाजवणार काय? चौकट होती, दार नव्हतं.

आतून एक ताई म्हणाली, "या की आत. हात वर करून काय उभे राहिलात?"

ती आमचीच पेशंट. पूजेच्या साहित्याचं आणि तेलाचं दुकान चालवणारी. चहा झाला, संमती झाली. ओंकारनं विचारलं, "ताई, इंजेक्शन का बंद केलं?" त्याच्याकडे उत्तरांचे पर्याय तयार होते. विसर पडला, भीती वाटली, गाडीभाडं परवडलं नाही, इतर.

ताईनं उलट विचारलं, "तुमची इंजेक्शनची ओपीडी कोन्त्या वारी असती?"

"शनिवारी."

तिनं आमच्याकडे बघितलं, मग बाहेर रस्त्यावर लागलेल्या गाड्यांच्या रांगेकडे बघितलं. "आनि हे गाव कोनाचं हाय?"

ओंकारनं 'इतर'वर खूण केली. सरांनी वार बदलायचा अर्ज दिला, वरून उत्तर आलं की विचार करू. ओपीडी अजून शनिवारीच आहे आणि ताई अजून शनिवारी दुकानातच असते.

* * *

त्या अभ्यासाचा पेपर घेऊन ओंकार पुण्याच्या कॉन्फरन्सला गेला. नवा टाय, सरांकडून उसना घेतलेला कोट. विषय मोठा भारदस्त होता, पण सांगायचं एवढंच होतं की ग्रामीण भागातले हृदयाचे पेशंट मध्येच गायब होतात आणि फार उशिरा उगवतात. कारणं काय, तर जागृती कमी आणि अंतर जास्त. शनिवारचा मुद्दा 'इतर'मध्ये गेला होता, त्यामुळं तो स्लाइडवर बसला नाही.

ओंकारला बक्षीस मिळालं. परत आल्यावर टपरीवर पार्टी झाली. सॅम्युएलनं सहज विचारलं, "अरे, आपल्या अभ्यासात रत्नामावशी आहे का रे?"

ओंकार म्हणाला, "नाही. अभ्यास गायब झालेल्या पेशंटचा होता. ती कुठं गायब झाली? ती वेळच्या वेळी येते."

"बरोबर आहे," असं आम्ही सगळेच म्हणालो आणि भजी मागवली.

* * *

फायनलच्या आधी कॉलेजची प्रिलिम असते. त्या दिवशी मावशी आली ती पायऱ्या चढताना दोनदा थांबली. गजरा होता, साडी होती, पण गालांवरची लाली काळवंडली होती. पोळ्या या वेळी आणल्या नव्हत्या. "जावेला लाटायला सांगितल्या हुत्या, तिला जमलं न्हाई," म्हणाली.

पोरं ऐकायला लागली तर एकेकाचं तोंड पडायला लागलं. तो सुप्रसिद्ध आवाज येतच नव्हता. घुर्रर्र फार तर चालू-बंद, दूर कुठंतरी. सरांनी स्वतः ऐकलं आणि म्हणाले, "यंदा आवाज बराच कमी झालाय."

मावशीचा चेहरा उतरला. तिनं सरांना विचारलं, "माझं काय चुकलं का सर? कुशीवर नीट व्हते. श्वास सोडून पडले हुते."

आवाज कमी होणं म्हणजे सुधारणा नव्हे, हे आम्हाला पाठ होतं. झडप इतकी कडक झाली आणि हृदय इतकं थकलं की त्यातून पुरेसं रक्तच जात नाही, म्हणून आवाज क्षीण होतो. लेखी परीक्षेत यावर पाच मार्कांचा प्रश्न असतो आणि आम्ही तो कधी सोडत नाही. सॅम्युएलनं तिची नाडी धरली. तबलजीचा हात तो. बराच वेळ धरून ठेवली आणि मला म्हणाला, "ताल सुटलाय गं. कुठलाच ठोका कुठल्या ठोक्याला जुळत नाही."

त्याला तेव्हा काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं. असा ताल सुटला की हृदयात रक्ताच्या गाठी धरायला लागतात. सरांनाही कळलं होतं, त्यांनी रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "मावशी, युनिव्हर्सिटीची परीक्षा तेवढी होऊ द्या. मग मी स्वतः तुम्हाला पुण्याला घेऊन जातो."

"तुमी कशाला येता सर," ती म्हणाली, "पोरांच्या परीक्षा सोडून."

युनिव्हर्सिटीची परीक्षा झाली आणि सर या वेळी शब्दाला जागले. त्याच संध्याकाळी त्यांनी पुण्याला फोन लावला. फुग्याची वेळ आता निघून गेली होती, छाती उघडून झडपच बदलावी लागणार होती. तारीख मिळाली. सरांनी गाडीसुद्धा सांगून ठेवली.

* * *

ती तारीख उगवायच्या आधी मावशी गेली. कॅन्टीनमध्ये सकाळी लाटणं हातातून पडलं आणि बोलता येईना. हृदयातली गाठ मेंदूत गेली होती. कंपनीच्या लोकांनी जीपमध्ये घालून आणलं, पण करण्यासारखं फार उरलं नव्हतं.

मातीला सर आणि आम्ही तिघं गेलो. गावात कुणी ओळखीचं नाही, म्हणून एका बाजूला उभे राहिलो. तर मावशीची जाऊ आमच्याकडे आली आणि चार बायकांना म्हणाली, "ही बगा, हीच ती पोरं. आमची रत्ना ह्यांची परीक्षा घ्यायला जायची."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. हळूहळू कळलं की गावात सगळ्यांना तसंच माहीत होतं. रत्नाबाई दरवर्षी मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांची परीक्षा घ्यायला जाते, तिच्यासाठी कॉलेजातून फोन येतो, ती पास म्हणाली तरच पोरगं डॉक्टर होतं. कॅन्टीनचा मुकादमही त्या दिवसाचा तिचा पगार कापत नसे. एका म्हाताऱ्या बाबांनी सॅम्युएलला जवळ बोलावून विचारलं, "तू पास का नापास झाला व्हता तिच्याकडं?"

सॅम्युएल म्हणाला, "एकदा नापास झालो होतो, बाबा."

"कडक हुती ती," बाबा म्हणाले. "माहेरावर गेलेली."

परत येताना सुपा मागं पडल्यावर गाडीत सर म्हणाले, "तिचा नंबर माझ्याकडं एवढी वर्षं होता. पण फोन लावायला मला परीक्षेची तारीख लागायची." त्यानंतर सरांनी वर्गात तोंडानं आवाज काढणं बंद केलं. आता ते स्पीकरवर रेकॉर्डिंग लावतात. पोरांना ते जास्त स्पष्ट ऐकू येतं म्हणे.

मला राग कुणाचा येतो ते नक्की सांगता येत नाही. सरांचा येत नाही, त्यांच्याइतकं जीव लावून शिकवणारा माणूस मी बघितला नाही. मावशीचा तर नाहीच. वाईट मात्र फार वाटतं, आणि ते कुठल्या ओपीडीत दाखवायचं कळत नाही.

* * *

आता शेवटचा किस्सा. हा आधीचा आहे, आमच्या युनिव्हर्सिटीच्या परीक्षेच्या दिवसाचा, म्हणजे ज्या संध्याकाळी सरांनी पुण्याला फोन लावला त्या दिवशी दुपारचा.

माझ्या वाट्याला रत्नामावशीच आली. मला बघून तिनं मान हलवली, म्हणजे काळजी करू नको. मी तिला कुशीवर वळायला सांगितलं, पाय दाबून सूज बघितली, नाडी पूर्ण मिनिटभर धरली. काही विसरले नाही. परीक्षक बाहेरगावाहून आलेले होते, वयस्कर, हळू बोलणारे. जयंत सर आमच्या कॉलेजचे परीक्षक म्हणून त्यांच्या शेजारी उभे होते.

मी निदान सांगितलं. बाहेरच्या सरांना आवडलं असावं, कारण ते खुर्ची ओढून बसले.

"या पेशंटचं पुढं काय करशील?"

"झडप बदलायला पाठवीन, सर."

"फुग्यानं नाही भागणार?"

"आता नाही सर. झडप फार कडक झालीय. सुरुवातीला आल्या असत्या तर फुग्यानं झालं असतं."

"मग सुरुवातीला का नाही आल्या?"

हे उत्तर माझ्या तोंडावर होतं. आमचाच पेपर, आमचंच बक्षीस. मी म्हटलं, "सर, ग्रामीण भागातले पेशंट उशिरा येतात. जागृती कमी आणि अंतर जास्त."

मावशी कुशीवर पडून होती, मी सांगितल्याप्रमाणे श्वास सोडून. तिनं मान वळवली आणि परीक्षकांना म्हणाली, "न्हाई साहेब. मी दरवर्षी येते. ह्याच कॉटवर असते."

परीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग जयंत सरांकडे पाहिलं. मी पुढचं बोलायची थांबले.

तशी मावशीनं माझ्या ॲप्रनचा कोपरा ओढला.

"बोल की पुढं, बाळा," ती म्हणाली. "थांबू नको. मार्क जातील."